नाक धावतं, नळ धावतो!

एक कोडं घालू?

इंग्रजीतलं सगळ्यात जास्त अर्थांचं क्रियापद कोणतं?

थांबा, लगेच पुढे वाचू नका! आधी अंदाज करा. काहीतरी लांबलचक, उच्चारताना जीभ अडखळेल असं? छे! लांबलचक शब्दांना बहुतेकदा एखाददुसराच अर्थ असतो. हिप्पोपोटॅमस बघा. केवढा मोठा शब्द! पण अर्थ काय? पाणघोडा. संपलं!

मग कोर्टकचेरीतला एखादा शब्द? की शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेतला? तोही नाही.

उत्तर आहे, रन!

हो, तोच तो. इंग्रजीत लिहायला अवघी तीन अक्षरं. रन म्हणजे पळणं, धावणं. क्रिकेट बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलेला शब्द!

आता सांगा, या एवढ्याशा क्रियापदाचे अर्थ किती असतील? दहा? पन्नास? शंभर?

६४५!

चुकून जास्त छापलं गेलेलं नाही हं. सहाशे पंचेचाळीस! ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी नावाचा एक प्रचंड शब्दकोश आहे. त्याच्या संपादकांनी मोजून सांगितलेला हा आकडा आहे. समजा, तुम्ही चौथीत गेल्यावर जूनमध्ये रोज एक अर्थ शिकायला सुरुवात केली. एकही सुट्टी घेतली नाही. तरी सगळे अर्थ संपेपर्यंत पाचवीचा मार्च उजाडेल!

आणि गंमत म्हणजे, यात फक्त क्रियापद मोजलंय. क्रिकेटमधली ‘एक रन’ हे तर नाम. ते या ६४५मध्ये धरलेलंच नाही!

पण पळण्याचे इतके अर्थ असतात तरी कसे? पळायचं म्हणजे पाय उचलायचे आणि सुटायचं, एवढंच ना?

चला, लंडनमधल्या एका घरात डोकावून बघू. थंडीची सकाळ आहे. घरातल्या धाकट्याला सर्दी झालीय. नाक गळतंय. इंग्रजीत काय म्हणतील? त्याचं नाक ‘रन’ होतंय! अंग गरम लागतंय, ताप आहे. म्हणजे तो ताप ‘रन’ करतोय! पोरगं पांघरुणात गपचूप पडून आहे आणि इंग्रजीत मात्र केवढी पळापळ!

आई टबमध्ये अंघोळीचं पाणी सोडते. म्हणजे ती अंघोळ ‘रन’ करते. मशिनमध्ये पांढऱ्या शर्टांबरोबर एक लाल मोजा गेला आणि सगळे शर्ट गुलाबी झाले. कारण मोज्याचा रंग ‘रन’ झाला! चहा करायला जावं तर डब्यात साखर नाही. मग ते लोक साखरेच्या बाबतीत ‘रन आउट’ झाले. बॅट नाही, बॉल नाही, तरी रन आउट!

रस्त्यावर बस ‘रन’ होते. समोरच्या काकू बेकरी ‘रन’ करतात. वाटेत जुनी मैत्रीण अचानक भेटली, तर आई तिच्यात ‘रन’ झाली. बागेच्या कडेने एक भिंत गेलीय, ती भिंतसुद्धा ‘रन’ होते! जागची हलत नाही, पण धावते! घरात आजोबांचे केस कुरळे, बाबांचे कुरळे, धाकट्याचेही कुरळे. मग ते कुरळे केस त्या कुटुंबात ‘रन’ होतात.

आणि नाटकंही ‘रन’ होतात. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्ती या लेखिकेचं ‘द माऊसट्रॅप’ नावाचं एक रहस्यनाटक आहे. ते १९५२ साली सुरू झालं. करोनाच्या साथीत वर्षभराहून जास्त थांबलं, पण पुन्हा सुरू झालं. म्हणजे १९५२पासून ते ‘रन’ होतंय. तुमचे आजोबा लहान असतील तेव्हापासून!

आता हीच सगळी वाक्यं मराठीत म्हणून बघा बरं. नाक गळतं. ताप येतो. पाणी सोडतो. रंग जातो. साखर संपते. मैत्रीण भेटते. प्रत्येक वेळी नवं क्रियापद! आणि इंग्रजीत? सगळीकडे एकटा रनच राबतोय!

आता खरी गंमत पुढेच आहे. बेकरी, बस आणि नाटक यांना मराठीत आपण काय म्हणतो? काकू बेकरी चालवतात. बस चालते. नाटक चालतं. घड्याळ चालतं, पंखा चालतो, शाळाही चालते. म्हणजे इंग्रजीत जे धावतं, ते आपल्याकडे चालतं! दोन्ही भाषांना पायांचीच आठवण झाली. इंग्रजीने पळणारे पाय घेतले, मराठीने चालणारे. मला हे इतकं आवडतं की काय सांगू! हजारो मैल दूर असलेल्या माणसांनी गरगर फिरणाऱ्या चाकाकडे पाहिलं आणि दोघांनाही पायच आठवले!

निवडणुकीत तर आणखी मजा. ब्रिटनमधला उमेदवार निवडणुकीला ‘उभा’ राहतो, अगदी आपल्यासारखा. अमेरिकेतला उमेदवार मात्र निवडणुकीसाठी ‘रन’ करतो. दोन्हीकडे भाषा इंग्रजीच, पण एक उभा आणि दुसरा पळतोय!

एका शब्दाकडे इतकी कामं आली कुठून? त्यासाठी जरा स्वयंपाकघरात या.

तिथली वाटी बघा. ती कशासाठी असते? आमटी खायला. पण आजी तिनेच तांदूळ मोजते. पातेल्यावर झाकण सापडलं नाही तर छोट्या भांड्यावर तीच ठेवते. लाटलेल्या पोळीवर वाटी उलटी दाबली की गोल गोल पुऱ्या कापता येतात. चित्रकलेच्या वहीत सूर्य काढायला तुम्हीही वाटीच पळवता! आता किसणी बघा. ती फक्त किसते. तिच्यात आमटी घेऊन दाखवा बरं! वाटी लहान, साधी आणि नेहमी हाताशी. म्हणून कुठलंही नवं काम निघालं की हात आधी वाटीकडे जातो.

रन ही इंग्रजीतली वाटी आहे. आणि हिप्पोपोटॅमस? किसणी!

हा नुसता माझा अंदाज नाही बरं का. जॉर्ज किंग्सली झिप्फ नावाचे एक अमेरिकन अभ्यासक होते. कोणता शब्द किती वेळा वापरला जातो, हे मोजायचा त्यांना भारी नाद! १९४५ साली त्यांनी दाखवून दिलं, की जो शब्द जास्त वेळा वापरला जातो, त्याला साधारणपणे अर्थही जास्त असतात. घरात इंग्रजी शब्दकोश असेल तर आत्ता उघडा. ‘रन’ने किती जागा व्यापलीय ते बोटांनी मोजा. मग हिप्पोपोटॅमसची जागा मोजा. फरक लगेच दिसेल!

नवा अर्थ जन्मतो कसा, तेही बघू. तो एकदम आकाशातून पडत नाही. जुन्या अर्थाला चिकटून हळूच पुढे सरकतो.

आधी माणूस पायांनी पळाला. पाणीही उतारावरून भरभर पुढे जातं, म्हणजे तेही पळालं. हा अर्थ फार जुना आहे, हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही होता. इंग्रजीची नातेवाईक असलेल्या जर्मन भाषेत तर आजही दोन जुळे शब्द आहेत. ‘रेनेन’ म्हणजे पळणं आणि ‘रिनेन’ म्हणजे ओघळणं. उच्चार किती जवळचे, बघा! मग नदी पळते, तर नळ का नाही? नळ पळतो, तर सर्दीचं नाक का नाही? बघा, पायांवरून नाकापर्यंत पोचलो! आणि प्रत्येक पाऊल किती छोटं!

दुसरी वाट बघा. वाऱ्याबरोबर जहाज सुसाट निघालं, तेही पळालं. मग आगगाडी आली. तीही पळाली. आणि आपल्याकडे? १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. तिला १४ डबे आणि ३ इंजिनं होती. आजही आपण काय म्हणतो? ‘भारतातली पहिली रेल्वे धावली’! म्हणजे रेल्वेच्या बाबतीत आपणही पळणारे पायच घेतले.

पण इंग्रजीतली यंत्रं नुसती रुळांवरच पळत नाहीत. रुळांवरचं इंजिन पळतं, आणि कारखान्यात एका जागी बसलेलं इंजिन? तेही पळतं. यंत्र पळतं, म्हणजे कारखाना पळतो. कारखाना पळतो, तर दुकान, शाळा, दवाखाना, सगळंच पळतं. मग संगणक आला. त्याच्यातला प्रोग्रॅमही पळतो. प्रोग्रॅमला हात नाही, पाय नाही, तो जागचा हलतही नाही. तरी पळतो!

म्हणून तर रन पहिल्या नंबरावर आला. तो आधीपासून तिथे नव्हता हं! पूर्वी तिथे दुसराच शब्द होता, ‘सेट’. ऑक्सफर्डच्या जुन्या शब्दकोशात सेट या क्रियापदाचे ४३० अर्थ होते. नवी आवृत्ती तयार होऊ लागली, तेव्हा आधी ‘मेक’ पुढे गेला, मग ‘पुट’ने त्याला मागे टाकलं. आणि २०११ साली रनने सगळ्यांना! गेल्या दोनशे वर्षांत यंत्रं वाढली आणि यंत्रांबरोबर रनही फोफावला.

पण हे सगळे अर्थ शोधले कोणी? आणि कसे?

हीच माझी सगळ्यात लाडकी गोष्ट! १८५७ साली लंडनमधल्या काही अभ्यासकांनी ठरवलं, की इंग्रजीतल्या सगळ्या शब्दांचा कोश करायचा. सगळ्या म्हणजे अगदी सगळ्या! तोच पुढे ऑक्सफर्डचा कोश झाला. १८७९ साली हे काम जेम्स मरे यांच्याकडे आलं. मरे स्कॉटलंडमधल्या एका खेड्यात जन्मलेले. चौदाव्या वर्षीच त्यांची शाळा सुटली होती. पण भाषा शिकायची जबरदस्त आवड!

मरेंनी काय केलं? अर्थ स्वतःच्या मनाने लिहिले नाहीत. त्यांनी लोकांना आवाहन केलं: पुस्तकं वाचा. एखादा शब्द लक्षवेधी रीतीने वापरलेला दिसला, की ते अख्खं वाक्य कागदाच्या चिठ्ठीवर उतरवा. पुस्तकाचं नाव लिहा, साल लिहा आणि आम्हाला पाठवून द्या!

आणि चिठ्ठ्यांचा पाऊस पडला! शिक्षक, डॉक्टर, घरी बसून वाचणाऱ्या बायका, सगळे वाचू लागले आणि लिहू लागले. मरेंनी आपल्या बागेत पत्र्याची एक खोली बांधली. तिच्या भिंतींवर हजाराहून जास्त खण होते, चिठ्ठ्या ठेवायला. हिवाळ्यात तिथे इतकी थंडी वाजायची, की वारा लागू नये म्हणून मरे पाय एका खोक्यात घालून बसत! ऑक्सफर्डमधल्या त्यांच्या घरी इतकी पत्रं यायची-जायची, की टपाल खात्याने घरासमोर खास लाल पेटी बसवली.

मरेंकडे काम आलं, तेव्हाच त्यांच्या आधी साठलेल्या चिठ्ठ्यांची पोतीही आली. जवळजवळ दोन टन कागद! एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला. आणि दुसऱ्यात? जिवंत उंदरीण, तीही पिल्लांसकट! शब्दांच्या चिठ्ठ्या कुरतडून तिने मस्त संसार थाटला होता!

मरेंना अकरा मुलं होती. ती मोठी होत गेली तशी चिठ्ठ्या लावायला बसत. त्याबद्दल त्यांना खाऊचे पैसे मिळत. तुमच्याएवढी मुलं ऑक्सफर्ड शब्दकोशाचं काम करत होती!

सगळ्यांना वाटलं होतं, दहा वर्षांत काम आटपेल. पाच वर्षांनी, १८८४ला, पहिला भाग छापून आला. तो कुठपर्यंत पोचला होता माहितीये? ए अक्षरापासून ‘अँट’पर्यंत! अँट म्हणजे मुंगी. पाच वर्षांत मुंगीपर्यंत!

शेवटचा भाग निघाला १९२८ साली. मरे ते बघू शकले नाहीत, १९१५मध्येच ते वारले. पण कोश पुरा झाला. ४,१४,८२५ शब्द, आणि ते कसे वापरले जातात हे दाखवणारी अठरा लाखांहून अधिक वाक्यं!

आपल्या मराठीचाही एक जाडजूड कोश त्याच काळातला आहे. जेम्स मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने मराठी-इंग्रजी शब्दकोश केला. पहिली आवृत्ती १८३१ची. दुसरी कधीची? १८५७ची! लंडनमध्ये नुसतं ठरत होतं, तेव्हा आपल्याकडे दुसरी आवृत्तीही छापून झाली होती.

बरं, रनचं काय झालं? नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांनी हा एक शब्द हातात घेतला. किती दिवस लागले असतील? नऊ महिन्यांहून जास्त! एका शब्दाला! अगदी चिठ्ठ्या लावल्यासारखंच काम. ही वाक्यं एका ढिगात, ती दुसऱ्या. हे वाक्य कुठल्याच ढिगात बसत नाही? मग कदाचित नवा अर्थ सापडला! नदीचं पळणं आणि नाकाचं पळणं एकाच ढिगात ठेवायचं की वेगळ्या? असे प्रश्न शेकडो वेळा सोडवायचे. मला तर हे काम गुप्तहेराचं वाटतं.

तुम्ही म्हणाल, ६४५ अर्थ असतील तर ऐकणाऱ्याचा गोंधळ नाही का उडत? नाही उडत! कारण शब्द कधी एकटा येत नाही. शेजारी नाक असलं की गळायचा अर्थ. शेजारी बेकरी असली की चालवायचा. वाटीत तांदूळ दिसले तर आजी मोजतेय आणि आमटी दिसली तर जेवण चाललंय, हे तुम्हाला सांगावं लागतं का? तसंच!

आपला मेंदू हे चुटकीसरशी करतो. यंत्राला मात्र ते जड गेलं. १९६०मध्ये येहोशुआ बार-हिलेल या अभ्यासकाने यंत्रांसाठी एक मजेदार पेच मांडला. इंग्रजीत लिहायच्या पेनलाही पेन म्हणतात आणि तान्ह्या बाळाला खेळायला सोडायच्या कठड्यालाही पेन म्हणतात. आता ‘खोकं पेनमध्ये होतं’ म्हटलं, तर कोणतं पेन? तुम्ही लगेच सांगाल, कठडा! लिहायच्या पेनात खोकं कसं मावेल? पण हे यंत्राला कोण सांगणार? आज संगणकाला हे बरंचसं जमतं. कसं? शेजारचे शब्द बघून!

आता माझं एक काम कराल? रनसारखी मराठी वाटी शोधायची. माझ्या मनात एक आहे: ‘लागणे’.

बघा तर! भूक लागली. पायाला ठेच लागली. आंबा गोड लागला. देवघरात दिवा लागला. रांग लागली. ताईला नोकरी लागली. आजोबांचा डोळा लागला. बाळ रडू लागलं. दूध पातेल्याला लागलं. दाराला वाळवी लागली. थेटरात नवा सिनेमा लागला. पोचायला एक तास लागला. आणि फोन लागला! तुमच्या पणजीच्या पणजीला लहानपणी फोन ‘लागतो’ हे माहीत असणं शक्यच नव्हतं. तेव्हा फोनच नव्हता! म्हणजे हा अर्थ नवा!

करून बघा. पोस्टकार्डाएवढे कागद कापा. मरेंच्या चिठ्ठ्या साधारण सहा इंच लांब आणि चार इंच रुंद असत. आठवडाभर कान टवकारून बसा. घरात, शाळेत, बसमध्ये कोणी ‘लागणे’ वापरलं, की ते वाक्य लिहा. कोण बोललं आणि कधी, तेही लिहा. रविवारी सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरा आणि ढीग करा. भुकेचा आणि तहानेचा ढीग एकच ना? ठेच आणि गोड आंबा एकत्र ठेवायचे की वेगळे?

‘ते माझे मामा लागतात’ ही चिठ्ठी सापडली की मात्र जरा थांबा. मामा लागतात म्हणजे नेमकं काय करतात? हिला कुठल्या ढिगात ठेवाल?